कोरी काचपट्टी

“कोरी काचपट्टी कशाला मांडलीस? परीक्षक हसतील!” म्हणत सरांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकलीसुद्धा. तुळजापूरच्या विज्ञान प्रदर्शनात शिवरंजनीनं उंदराच्या मेंदूचे तलम काप आणले होते, पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मावशीनं दोन काचपट्ट्यांवर बसवून दिलेले. रंग दोन्हींवर ओतलेला. पण मूळपेशी हुडकून धरणारं प्रतिपिंड एकीवरच घातलेलं, आणि रंग त्यालाच चिकटतो, म्हणून तपकिरी ठिपके तिथंच उमटलेले; दुसरी कोरीच. शिवरंजनीनं सरळ डब्यात हात घातला. “जिल्ह्याचा नंबर घालवशील, पोरी!” सर कुजबुजले. “जाऊ द्या सर. ही न्हाय, तर मी बी न्हाय.” काचपट्टी ओढणीनं पुसून तिनं तीच आधी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. परीक्षकबाई वाकल्या. “अगं, यात काहीच दिसत नाही!” “न्हायच दिसायला पायजे, मॅडम,” ती मान ताठ करून म्हणाली. “नुसता रंग कुठंबी चिकटत न्हाय, ह्याची ही साक्षीदार. आता दुसरी बिनधास्त बघा!”