गाठ मारलेली पिशवी

"थंडी गेली बघा, ताई. उलट गरमच होतंय," म्हणत पहिल्यांदाच ट्रेकला आलेला शिरीष जॅकेटची चेन उघडू लागला.

बाकी ग्रुप पुढे गेल्यावर त्याच्यासाठी मागे राहिलेली हेमांगी जागीच थबकली. मुक्कामाची गुहा अजून तासभर लांब होती आणि पाऊस आडवा झोडपत होता. मघाशी कडकड वाजणारे शिरीषचे दात आता गप्प होते. तीन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ अगदी हेच बोलला होता, आणि तिला हायसं वाटलं होतं. अंग पार गारठलं की थंडी वाजणंच थांबतं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोरडे कपडे मुक्कामावर पोचल्याशिवाय उघडायचे नाहीत, हा ग्रुपचा नियम तिनेच केलेला. भाऊ मुक्कामावर पोचलाच नाही. सॅकच्या तळाशी, गाठ मारलेल्या पारदर्शक पिशवीत, त्याचा स्वेटर मात्र कोरडा ठणठणीत दिसत होता.

ती पिशवी, आतल्या स्वेटरसह, त्याने मारलेल्या गाठीसकट हेमांगी प्रत्येक ट्रेकला बरोबर नेत असे. तेव्हापासून तिला ना धड रडू आलं होतं, ना कधी थंडी वाजली होती.

तिने शिरीषला कातळाच्या आडोशाला बसवलं. बधिर बोटांनी गाठ सुटेना, तशी तिने पिशवी दातांनी फाडली. त्याचा ओला शर्ट उतरवून स्वेटर चढवला, तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि दोघांवर प्लास्टिक ओढून त्याला घट्ट कवटाळून बसली.

बऱ्याच वेळाने तो लटलट कापायला लागला. "ताई, लई थंडी वाजतेय हो."

"वाजू दे रे," ती म्हणाली, "चांगली वाजू दे."

आणि बघता बघता तीही कुडकुडायला लागली.