न्योक्कोचं औषध

एर्सिलियाने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. चर्चच्या अंगणातल्या त्या टेबलावर ऑगस्टमधल्या संत रोकोच्या सणाचं जेवण मांडणं चाललं होतं. जुडगा टोमॅटोच्या ताटलीला लागून थांबला.

"झालं माझं," ती म्हणाली. "उद्यापासून दुसरा प्रमुख बघा."

ऐंशी पार केलेले फादर ओत्तोरीनो पाव कापत होते. ते कापतच राहिले. एर्सिलिया म्हणजे चर्चच्या दयामंडळाची प्रमुख. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, एकट्यादुकट्यांना डबे पोचवायचे, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शोधाची कुत्री सांभाळायची. डोंगरात कोणी हरवलं, कुठे घर बसलं, की आजूबाजूची झाडून सगळी गावं या पिएवेरोसा गावची कुत्री मागायची. ती कुत्री एर्सिलियाने घडवली होती, आणि कुत्र्यांबरोबर जाणारी माणसंही तिनेच. मार्चमध्ये पलीकडच्या खोऱ्यात दरड कोसळली तेव्हा सगळ्यांच्या पुढे तीच होती. चिखल उपसून उपसून तिच्या हातांची सालटं निघाली. जे सापडले ते सगळे गेलेले. जिवंत म्हणून एक माणूस हाती लागलं नाही. त्यानंतर बाई कुत्र्यांच्या अंगणात फिरकली नाही. प्रार्थनेला यायची, मागच्या बाकावर बसायची आणि कोणी बोलायच्या आत चालू पडायची.

"राजीनामा जेवणानंतर घेतो," फादर म्हणाले. "आधी त्या न्योक्कोचं काय ते बघ."

"काय झालं त्याला?"

उत्तर दिलं नेल्लोने. कुत्र्यांचं खाणंपिणं, न्हाणंधुणं त्याच्याकडे. "काय सांगू ताई! मार्चपासून भिंतीकडे तोंड करून पडून असतो. धड जेवत नाही. जवळ गेलो तर असा बघतो, जणू मीच त्याला चावलोय."

न्योक्को एर्सिलियाचा लाडका कुत्रा, दरडीवरही तिच्याचबरोबर होता. आणि हे दुखणं तिच्या चांगल्या ओळखीचं. शोधाच्या कुत्र्याला एकामागून एक मेलेलीच माणसं सापडत गेली, की त्याचं मन मोडतं. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं बिचाऱ्याला. त्यावर औषध एकच. एखाद्या धडधाकट माणसाला लपवायचं, कुत्र्याला ते शोधू द्यायचं, आणि सापडलं की जत्रा भरल्यासारखा कल्ला करायचा. हे मंडळातल्या सगळ्यांना तिनेच शिकवलेलं.

"मग औषध दिलं का नाही?" ती कडाडली. "इतके महिने हातावर हात धरून बसलात?"

"तुमच्याशिवाय तो जागचा हलत नाही, त्याला मी काय करू? पण आज तयारी ठेवलीय. माझ्या सासूला रानात लपवलंय." नेल्लोने छातीवर हात ठेवला. "नाही सापडली तरी माझी काही तक्रार नाही."

टेबलाभोवती हशा पिकला. एर्सिलिया हसली नाही. "एवढं शेवटचं," म्हणाली, आणि तिने पट्टा उचलला.

न्योक्कोने तिला पाहिलं मात्र, अशी काही झेप घेतली की बाई पडता पडता वाचली. त्याने तिचे कान चाटले, नाक चाटलं. "पुरे रे, पुरे," ती म्हणाली. मग रानाच्या तोंडाशी तिने पट्टा सोडला. "शोध!"

कुत्रा चेस्टनटच्या झाडांतून सुसाट सुटला. ही धापा टाकत मागे. चेस्टनट वाळवायच्या जुन्या झोपडीपाशी त्याने जमीन उकरली आणि भुंकायला लागला. एर्सिलिया दारातच थबकली. आत नेल्लोची सासू देल्फिना आहे, ठणठणीत आहे, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तरी आत पाऊल टाकायला तिने वेळ लावला. कोपऱ्यातली पोती तिने एकेक करून बाजूला केली.

"इतका उशीर?" पोत्यांखालून आवाज आला. "मेले असते ना मी इथे! आणि त्या मेल्याने मुद्दाम कोळिष्टकात बसवलंय मला, कळतं सगळं!"

एर्सिलियाने म्हातारीचे दोन्ही हात घट्ट धरले. हात गरम होते. घामेजलेले, लसणाच्या वासाचे, जिवंत हात. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच हसू. दोन्ही काही आवरेनात.

"जिवंत आहे!" ती साऱ्या रानाला ओरडून सांगू लागली. "न्योक्को, शाब्बास रे माझ्या राजा! जिवंत आहे!"

"आहे गं बाई, जिवंतच आहे," देल्फिना झग्याची धूळ झटकत म्हणाली. "आणि भुकेलीही आहे. चल."

तिघं उतार उतरू लागले. वाटभर एर्सिलियाच्या तोंडाला खळ नव्हता. हा पट्टा झिजलाय, बदलायला हवा. पिल्लांना एव्हाना रानात आणायला हवं होतं, नेल्लो नुसता झोपा काढतो. आणि पुढच्या आठवड्यापासून भल्या सकाळी सराव, ऊन चढायच्या आत. देल्फिना आपली हूं हूं करत होती.

अंगणात पाय ठेवला आणि सगळं टेबल उठून उभं राहिलं. ताटल्या बडवल्या गेल्या, शिट्ट्या वाजल्या, कोणीतरी पळत जाऊन चर्चची घंटाही ओढली. "शाब्बास! शाब्बास!" एर्सिलिया डोळे पुसत बाजूला सरकली. कौतुक कुत्र्याच्या कानांवर पडायला हवं, नाहीतर औषध लागू कसं होणार? पण न्योक्को होता कुठे? तो केव्हाच टेबलाखाली शिरून सॉसेज हाणत बसला होता. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघूनच ओरडत होते.

"अहो, असं काय करता?" ती म्हणाली. "कुत्रा तिकडे आहे!"

त्या गदारोळात ऐकू जावं म्हणून फादरनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "न्योक्कोला काही झालंच नव्हतं गं, पोरी!"