उमाजीची शीळ

परभणीच्या त्या कम्प्युटर क्लासात चपला दाराबाहेर काढायची पद्धत होती. भागुबाईने त्या निमूट काढल्या, वर उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. एरवी येडबाने बायकोची थट्टा केल्याशिवाय तिला पुढे जाऊ दिलं नसतं. आज त्यानेही तिच्यामागे उंबऱ्याला हात लावला. दोघं त्यांच्या झरी गावाहून मुद्दाम आली होती.

आत धूळ येऊ नये म्हणून जाड पडदे ओढलेले होते. अंधुक उजेडात तीन यंत्रं मांडलेली. बन्सीधर सरांनी खुर्च्या पुढे केल्या, पण दोघंही भिंतीला टेकून खालीच बसली. याच खोलीत त्यांचा उमाजी शिकायला येत होता. मिरगाच्या आधी काविळीने गेला.

गेल्या बाजारात सरांनीच येडबाला गाठलं होतं. तुमचा पोरगा मेंढरांना घालायचा ती शीळ त्याने यंत्रातून काढली होती, म्हणाले, अगदी हुबेहूब; प्रोग्राम स्वतः लिहिला होता, सगळा वर्ग हसून लोळला होता. या यंत्रांच्या पोटात काही साठत नाही. ज्याचं काम त्याच्या फ्लॉपीवर, आणि ती फ्लॉपी कुठल्याही यंत्रात घातली की काम सुरू. तेवढी शोधून आणा, मी ऐकवतो.

शोधायची गरजच नव्हती. ती कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. येडबाने हे सांगितलं तेव्हापासून भागुबाईला अन्न गोड लागेना. शीळ ऐकायची म्हणजे उमाजी एकदा येऊन जाणार, असंच तिने मनाशी धरलं होतं. खरं सांगायचं तर येडबानेही.

तिने पदराखालून फडक्याची गाठोडी काढली. आतली तळहाताएवढी पातळ, काळी फ्लॉपी पदराने पुसली, कपाळाला लावली आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी ती फटीत सरकवली. यंत्राचा लाल दिवा लागला, घरघर सुरू झाली. भागुबाई गुडघ्यांवर उठली. घरघर थांबली आणि यंत्राच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. सरांनी बटणं दाबली. पुन्हा घरघर, पुन्हा तीच ओळ. या यंत्राचं कधी कधी असं होतं, असं म्हणत त्यांनी फ्लॉपी दुसऱ्यात घातली. मग तिसऱ्यात. तिसरं तर नुसतं भांडं खरवडल्यासारखं वाजलं.

सर फ्लॉपी घेऊन खिडकीशी गेले आणि पडदा जरा बाजूला केला. येडबा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. फ्लॉपीला एक लांबट खाच असते, तिच्यातून आतली तबकडी दिसते. त्या खाचेत हळद बसली होती. कुंकू पाण्याने ओघळून वाळलं होतं, कडा फुगल्या होत्या.

"हिला पाणी लागलं होतं का?" सरांनी हळूच विचारलं.

येडबाने वळून भागुबाईकडे पाहिलं. घरात कुणी गेलं की सोनाराकडून चांदीचा टाक घडवायचा, तो देवांत बसवायचा आणि रोज देवांबरोबर त्यालाही अंघोळ घालायची, ही त्यांच्या घरची रीत. उमाजीचा टाक करू म्हणून त्याने विषय काढून पाहिला होता. भागुबाई ऐकेना. चांदीच्या तुकड्यात माझं पोरगं कुठलं, ह्याच्यावर त्याचा हात फिरलाय, म्हणाली, आणि वरचं कागदी पाकीट काढून तिने ही फ्लॉपीच देवांत मांडली. तेव्हापासून तिने रोजच्या अंघोळीत एक दिवस खाडा केला नाही. येडबाही रोज सकाळी फ्लॉपीपुढे हात जोडून मगच मेंढरं सोडायचा.

"सगळं पुसलं गेलंय, बाबा," सर म्हणाले. "माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

येडबाने त्यांचा हात धरला. "तिला सांगू नगा, सर. मशीन बिघडलंय म्हना. लय जीव लावून केलंय तिनं. सोसायचं न्हाई तिला."

सर वळले. यंत्रंच बिघडली आहेत मावशी, म्हणाले, दुरुस्त कधी होतील काही सांगता येत नाही.

"तिन्हीबी?" भागुबाईने विचारलं.

सरांनी मान डोलावली. खोटं बोलणं अंगवळणी नसलेला माणूस तो, त्यांना तिच्याकडे बघवेना. बोटाला लागलेला पिवळेपणा ते अंगठ्याने पुसत राहिले. भागुबाईने त्या बोटाकडे पाहिलं, हात पुढे करून फ्लॉपी परत घेतली, फडक्यात गुंडाळली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

स्टँडवर झरीची गाडी अजून लागायची होती. नामांतराच्या घोषणांनी भरलेल्या भिंतीला टेकून दोघं बसली. येडबा बडबडत सुटला. नांदेडला म्हणे याहून मोठी यंत्रं आहेत, दिवाळी झाली की तिकडे जाऊ, नाहीतर औरंगाबादला जाऊ. बोलता बोलता तो आतल्या आत रडत होता, आणि पोराची शीळ आठवायला बघत होता. आधी लांब ओढ आणि मग दोन तुटक, का आधी तुटक? रानात इतकी वर्षं ऐकलेली ती शीळ त्याला काही केल्या जुळवता येईना.

गाडी लागली. माणसं पिशव्या सावरत दाराकडे धावली. भागुबाई जागची हलली नाही.

"चल की," येडबा म्हणाला.

"आवं," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "उद्यापासून देव तुमी धूत जावा."