बर्फाचे पाते मिठागरात

पत्नीवर निस्सीम प्रेम करणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाची हकिकत येथे अल्प शब्दांत निवेदन करीत आहे. वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी.

सन १९८४. दहिसरच्या एका मिठागरात ट्रॅक्टर चालविणाऱ्या धाकूची पत्नी मालन इतर बायकांसमवेत दिवसभर वाफ्यांतल्या खाऱ्या पाण्यात अनवाणी उभी राहून मीठ ओढीत असे. तिच्या तळपायांच्या भेगांतून रक्त येई. मिठागराच्या शेठने ट्रॅक्टरपुढे जोडून बर्फ लोटण्याचे एक परदेशी पाते भंगारातून आणले, तेव्हा धाकूने ते आपण होऊन घरी नेले आणि मिठात चिखल खरवडून येऊ नये म्हणून त्याच्या धारेला जुन्या टायरचे रबर बसविले.

"अहो, हा लोखंडाचा डोंगर दारातून हलवा. माणसांनी जायचं कुठून?"

"गप गं! आता मीठ हे पातं लोटणार. तू कोरड्या बांधावर उभी राहून नुसत्या पाट्या भर, राणीसारखी."

"राणी पाट्या भरते होय?" मालन हसली.

प्रयोग पूर्णतः यशस्वी झाला. शेठने सर्वांसमक्ष धाकूची पाठ थोपटली.

"झकास, धाकू! पाट्या गडी भरतील. या सगळ्या बायका उद्यापासून बंद. पण तू आपला माणूस ना, तुझ्या मालनला नाही काढणार.



पातं कोपऱ्यांत जात नाही. तेवढं मीठ सगळ्या वाफ्यांत उतरून ती एकटी ओढेल."

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक कृतज्ञ आहे.
— नंदकुमार लवू घाडीगावकर, चारकोप