वाघूर

"बाकीच्यायची नावं ठिवली तुमी," दैवशाला म्हणाली. "माझ्या भावाचंच तेवढं काढलं."

गंगाखेडच्या मंगल कार्यालयातल्या मागच्या खोलीत शंभुराज आरशासमोर फेट्याचं टोक नीट करत होता. मेजावर त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर 'गोदा' हे नाव झळकत होतं. संगणक मुळापासून मराठीत चालवणारी, कुणीही फुकट घ्यावी अशी ही प्रणाली. आज तिचं उद्घाटन होतं. नाव बदलण्याआधी ती 'वाघूर' होती. मेंढरं रात्री एकत्र राहावीत म्हणून भोवती जाळी लावतात, ती वाघूर. हे नाव दैवशालाच्या भावानं, बिरूनं दिलं होतं, कारण प्रणालीही त्यानंच लिहिली होती. मागच्या वर्षी बिरू परभणीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला.

दैवशालानं नावांचं पान उघडून लॅपटॉप शंभुराजकडे फिरवला. या कामात एक रीत असते. दुसऱ्याचं घ्या, बदला, पुढं द्या, पण ज्याचं घेतलं त्याचं नाव पुसू नका. बिरूनं ती पाळली होती. जर्मनीतल्या, अमेरिकेतल्या, कधी न पाहिलेल्या माणसांची नावं त्यानं ओळीनं लिहिली होती आणि आपलं सगळ्यांत खाली. ती परकी नावं जशीच्या तशी होती. शेवटच्या नावाच्या जागी मात्र आता शंभुराजचं नाव होतं.

"ते लोक नोटीस पाठवतेत, ताई," शंभुराज म्हणाला. तो खरंच समजावून सांगत होता.

"आन् आमी पाठवत न्हाई, म्हणून?"

"तसं न्हाई. ओपन सोर्स हाय ते. सगळ्यांचं असतंय. बिरूच म्हणायचा की असं."

"बिरूनं फुकट दिलं, शंभूदादा. बेवारस न्हाई दिलं."

शंभुराजला राग आला नाही. राग येण्याइतकं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दैवशालानं आवाज खाली आणला. असल्या माणसापुढं आवाज खाली आणावा लागतो, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट आहे.

"एक ओळ टाकायची हाय. माय आलीय. बिरूचं नाव दिसंल म्हणून मीच आणलंय तिला."

"पुढच्या खेपेला टाकू. बिरू माझा बी दोस्तच होता."

दारातून शंभुराजचे वडील कल्याणराव डोकावले. "पाव्हणे आलेत, चला," म्हणाले. त्यांनी दैवशालाला नमस्कारही केला.

बाहेर तिसऱ्या रांगेत तिची माय, कोंडाबाई, खुर्चीच्या कडेला टेकली होती. तिला वाचता येत नव्हतं. पण आठवडाभर दैवशालानं तिच्याकडून बोटानं चुलीजवळच्या राखेत दोन अक्षरं गिरवून घेतली होती. बि आणि रू. भिंतीवरच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर काही उमटलं की म्हातारी पुढं वाकायची.

"आलं का गं?"

"न्हाई अजून," दैवशाला म्हणाली. खरं सांगायचं धाडस तिला झालं नाही.

भाषणं झाली. मराठवाड्याच्या मातीतला हिरा वगैरे म्हणून झालं. शंभुराजनं सगळं झोकात चालवून दाखवलं. नावांचं पान आलं तेव्हा कोंडाबाई कितीतरी वेळ पुढं वाकून बघत राहिली, मग मागं टेकली.

शेवटी गीताबाई उठल्या. जवळच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका. "आमची लेकरं बटण दाबूनच कंप्युटर बंद करतेत," त्या म्हणाल्या. "नीट बंद कसं करायचं, तेवढं दाखवा."

शंभुराजनं हसत आज्ञा दिली. त्यानं वाघूरमधलं बिरूचं नाव जागोजागी शोधून खरवडून काढलं होतं. पण आपला लॅपटॉप त्यानं कधी बंदच केला नव्हता. झाकण मिटलं की त्याचं काम संपायचं. बंद होताना ही प्रणाली काय करते, ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

पडदा काळा झाला. त्यावर एक ओळ उमटली. गीताबाईंनी ती माइकवर वाचली.

"मेंढरं आत आली, माय. आता पाठ टेक."

"व्हय रं," कोंडाबाईच्या तोंडून निघून गेलं. रोज दिवस मावळताना वाघूर लावून झाली की बिरू बाहेरून हेच ओरडायचा आणि ती चुलीपासून असंच 'व्हय रं' म्हणायची.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. गीताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "किती मायेनं लिहिलंय हो," त्या म्हणाल्या.

शंभुराज पडद्याकडं बघत राहिला. ती ओळ कुणाची ते त्याला कळलं होतं. खरं बोलायला एवढी सोपी वेळ त्याला पुन्हा मिळणार नव्हती. त्यानं माइक हातात घेतला.

"एकदा आईची लय आठवण आली," तो म्हणाला, "तवा सुचली ही ओळ."

"माझ्या भावाची हाय ती!" दैवशाला उभी राहून ओरडली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मागच्या माणसानं तिला खाली बसायला सांगितलं, पुढचं दिसत नव्हतं म्हणून.

कोंडाबाईनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं. म्हातारी मंचाकडं बघत होती. तिथं कल्याणराव लेकाला हार घालत होते.

"दैवशे," तिनं विचारलं, "ह्येंच्या घरी मेंढरं हायत का गं?"