ऐंशीवा दिवस

कुत्री त्रेसष्टाव्या दिवसाच्या आसपास विते. मोगरीचा आज ऐंशीवा दिवस होता.

डॉक्टर नाडगौडांनी पुन्हा थर्मामीटर लावून पाहिलं. विण्याआधी अंग गार पडतं, पण मोगरीचं पडायलाच तयार नव्हतं. तिची आधीची दोन वेतं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरल्यामुळे पोटातच गेली होती. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी ते पुरवणारं शहाणं यंत्र तिच्या मानेत बसवलं आणि त्याला शिकवलं, पातळी उतरू द्यायची नाही. विताना ती उतरावीच लागते, हे शिकवायचं मात्र राहून गेलं.

“पण यंत्र तर तुम्ही आठवड्यापूर्वीच काढलंत ना?” मालकीण शकूताईंनी विचारलं.

“हो. पातळी तरीही तेवढीच आहे.”

“मग आता कोण पुरवतंय?”

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर पाच पिल्लं दिसत होती. पाचही जणांचे डोळे उघडे होते.

शेवटी सिझेरियन करायचं ठरलं. भूल दिलेली मोगरी टेबलावर निपचित पडली. डॉक्टरांनी तिच्या पोटावर ब्लेड टेकवलं, आणि कुणीतरी गुरगुरलं.

मोगरी हललीसुद्धा नव्हती. आवाज ब्लेडच्या खालून आला होता.