तीन करवतींची परीक्षा

वादळात अंगणात आडवं झालेलं झाड फुकटात कापून मिळावं, एवढाच मामांचा हिशेब होता. त्यांनी तीन दुकानांत फोन लावला आणि तिन्हीकडे एकच सांगितलं, "मोठी चेनसॉ घ्यायचीय, पण आधी चालवून दाखवा."

सकाळीच तिघे विक्रेते आपापलं मशीन घेऊन हजर झाले.

"मामा, आमची ताकद बघा, लोण्यासारखं कापते!"

"ताकदीचं काय घेऊन बसलात? आमची धरून बघा, हाताला मुंग्याच येत नाहीत."

तिसऱ्यानं तर करवत सुरूच केली. मामा परीक्षकाच्या थाटात खुर्ची टाकून बसले. "ही जोरदार आहे, ती हलकी आहे, पण जाड बुंध्यात कोण टिकतं तेही बघायला हवं ना," असं म्हणत त्यांनी तिघांना शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नाचवलं. दुपारपर्यंत एकाचं पेट्रोल संपलं, दुसऱ्याची चेन बोथट झाली, तिसऱ्याचा खांदा भरून आला आणि अख्ख्या खोडाच्या चकत्यांचा ढीग लागला. मामांचं मात्र काहीच गेलं नव्हतं.

"विचार करून कळवतो हं," म्हणत त्यांनी तिघांना फाटकाबाहेर काढलं.

तेवढ्यात मामी सुताराला घेऊन आत आल्या. "ह्यांना मुद्दामच बोलले नाही, नाहीतर तुमच्याशीही घासाघीस केली असती. नव्या पलंगासाठी अख्खं खोड तसंच..." म्हणता म्हणता चकत्यांचा ढीग बघून त्या जागीच थबकल्या.

 

सुतारानं एक चकती उचलून निरखली. "मामी, पलंग काही निघत नाही यातून. पण मामांना आज बाहेरच बसावं लागेलसं दिसतंय, त्यांना एक स्टूल करून देतो."